केबी५०३४४४१ बसत नाही, रिकव्हरी पार्टिशन मोठं करू का?

रानजाई:
बाबांच्या विंडोज १० लॅपटॉपवर जानेवारी २०२४ चा केबी५०३४४४१ अपडेट दर वेळी ०एक्स८००७०६४३ असा एरर देऊन थांबतो. सी ड्राइव्हवर ६० जीबी मोकळे आहेत. सीच्या लगेच उजवीकडे ५०९ एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग) दिसतं, पण डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला काहीच करता येत नाही. बाबांची पेन्शनची कागदपत्रं आणि घरातले सगळे फोटो याच डिस्कवर आहेत. हात लावावा का?

घेवडा:
सीवर कितीही जागा असली तरी इथे तिचा उपयोग नाही. हा अपडेट विनआरईसाठी आहे, म्हणजे विंडोज बिघडली की दुरुस्तीसाठी जी छोटी प्रणाली उघडते तिच्यासाठी. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्येच २५० एमबी मोकळे लागतात.

आधी सांगा, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारं साधन, चालू आहे का? सीव्हीई-२०२४-२०६६६ या त्रुटीमुळे लॅपटॉप हाती लागलेल्या माणसाला विनआरईतून बिटलॉकर चुकवता येतो, तेवढंच भोक हा अपडेट बुजवतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच नसेल तर मी पार्टिशनला हात लावणार नाही.

रानजाई:
चालू आहे. बाबा लॅपटॉप घेऊन प्रवास करतात.

घेवडा:
मग कराच, पण घाई नको. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा. चार्जर लावलेला असू द्या.

अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /इन्फो' द्या. विनआरई कुठल्या डिस्कच्या कितव्या पार्टिशनवर आहे ते त्यात दिसेल. तो आकडा लिहून घ्या. नंतर 'रीएजंटसी /डिसेबल'.

आता इथे थांबा. डिसेबल केल्यावर विनआरई.विम ही फाइल सीवरच्या विंडोज\सिस्टम३२\रिकव्हरी फोल्डरमध्ये येते. ती लपवलेली असते, म्हणून 'डीआयआर /ए' देऊन बघा. काहीशे एमबीची फाइल दिसली नाही तर पुढे जाऊ नका. पार्टिशन पुसल्यावर तिची दुसरी प्रत तुमच्याकडे नसेल. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

मग डिस्कपार्ट, म्हणजे पार्टिशनं बदलायचं विंडोजचं साधन. सीचं पार्टिशन निवडून 'श्रिंक डिझायर्ड=२५० मिनिमम=२५०', म्हणजे सी २५० एमबीने लहान होईल. त्यानंतर रिकव्हरीचं पार्टिशन निवडा आणि 'लिस्ट पार्टिशन' पुन्हा द्या. निवडलेल्या पार्टिशनची चांदणी (*) ५०९ एमबीच्या ओळीसमोरच आहे ना? 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' ही आज्ञा 'खात्री आहे का' असं विचारत नाही.

जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती. नवं पार्टिशन करताना जीपीटी डिस्कला लांबलचक आयडी आणि अ‍ॅट्रिब्यूट द्यावे लागतात. ते मायक्रोसॉफ्टच्या सूचनापानावरून जसेच्या तसे उचला, हाताने टाइप करू नका. एमबीआर डिस्क असेल तर आयडी फक्त २७. शेवटी एनटीएफएस फॉरमॅट आणि 'रीएजंटसी /इनेबल'.

दुपारचा_चहा:
माझं रिकव्हरी पार्टिशन सीच्या आधी, डिस्कच्या अगदी सुरुवातीला आहे. मग?

घेवडा:
तरी हेच. श्रिंक केल्यावर जागा सीच्या उजवीकडे सुटते, त्यामुळे नवं पार्टिशन तिथेच करायचं. फक्त तुम्हाला २५० पुरणार नाहीत, कारण जुन्याची जागा त्याला जोडली जात नाही. मी १००० घेतले असते. सीच्या आधीची रिकामी जागा राहू द्या, सी डावीकडे वाढत नाही.

रानजाई:
झालं! इन्फोमध्ये 'एनेबल्ड' दिसतंय, पार्टिशन ७५९ एमबीचं झालं आणि अपडेटही बसला. त्या चांदणीपाशी मी बराच वेळ बघत बसले होते. मनापासून आभार. आता आईचा लॅपटॉप. त्यात दोन रिकव्हरी पार्टिशनं आहेत, एक १२ जीबीचं.

घेवडा:
१२ जीबीचं बहुधा कंपनीने दिलेलं फॅक्टरी रिकव्हरी असेल, त्याला हात लावू नका. 'रीएजंटसी /इन्फो' ज्याचा आकडा दाखवेल तेच तुमचं. आणि आईच्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे का, ते आधी बघा.