अनुभव धागा: 'अशुद्ध वाक्य ओळखा', चूक नेमकी शोधता कुठे?

एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, कुठलाही पेपर घ्या, मराठीत हा प्रश्न येतोच. नाशिकच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आपापली रीत इथे लिहा. नियम पुस्तकात आहेत. चूक सापडते कशी ते हवंय.

पंचवटीकर:
वाक्य शेवटून धरा. आधी क्रियापद, मग कर्त्याला 'ने/नी' आहे का, मग कर्माला 'ला/ना' आहे का. कर्त्याला 'ने' आणि कर्म मोकळं, तर क्रियापद कर्माप्रमाणे. कर्मालाही 'ला' लागलं की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. म्हणून 'शिक्षकांनी मुलींना शिकवली' चूक, 'शिकवले' बरोबर. पण 'आईने मुलींना हाक मारली' शुद्धच आहे, कारण तिथे मारली जाते ती हाक. पेपर काढणारे याच जोडीवर टपलेले असतात.

निफाडवाला:
वरच्याला जोड. 'शेतकऱ्याने द्राक्षे विकले' चूक, आणि 'कांदे विकली' हेही चूक. दोन्ही नामांच्या शेवटी 'ए', त्यामुळे डोळा फसतो. एकवचन करून बघा: तो कांदा, ते द्राक्ष. म्हणजे कांदे विकले, द्राक्षे विकली. बोलताना आपण 'द्राक्षं' म्हणतो तेव्हा कुणी चुकत नाही. छापील 'द्राक्षे' दिसलं की घोळ.

सिडको अभ्यासिका:
विसरणे, शिकणे, बोलणे यांना भूतकाळात 'ने' चालत नाही. 'त्याने छत्री विसरली' नाही, 'तो छत्री विसरला'. पंचवटीकरांची रीत इथे लावलीत तर उत्तर हमखास चुकेल.

गोदाकाठ:
ऱ्हस्व-दीर्घ बघताना सामान्यरूपापाशी (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं तिथे) थांबा. सातपूरला, पण सातपुरात. दूध, दुधात; बहीण, बहिणीला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र हलत नाहीत: शरीर, शरीरात, गीत, गीतात. आधार साहित्य महामंडळाच्या नियमांचा: शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. क्लासच्या नोट्सपेक्षा हे अठरा मुळातून वाचा, फार तर चार पानं होतील.

मेनरोड:
पटकन सापडणाऱ्या: 'घरा समोर' (जोडून हवं), 'त्यांने' (त्याने किंवा त्यांनी), 'मोठी मुलीला' (मोठ्या).

व्याकरणवाली ताई:
हिंदीची छाया तपासा. 'त्याने माझी मदत केली' कानाला खटकेनासं झालंय, पण मराठीत 'मला मदत केली'. मग द्विरुक्ती: 'परत पुन्हा', 'गाईचे गोमूत्र'. आणि जोड्या: 'जरी' आलं की पुढे 'तरी' शोधा, पेपरात तिथे मुद्दाम 'तर' घातलेलं असतं.

पंचवटीकर:
एक राहिलं. आयोगाच्या पेपरात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापतात. दोन पर्याय बाद झाले की उरलेल्या दोघांतली फक्त क्रियापदं समोरासमोर ठेवा. ती सारखीच निघाली तर चूक अनुस्वारात किंवा तुटलेल्या शब्दयोगीत ('घरा समोर'सारख्या) बघा.