जिम्नॅस्टिक्स लगेच बंद करू नका

ताई, १२ वर्षांच्या लेकीला २२ अंशांचा स्कोलिओसिस (पाठीच्या कण्याला बाजूला आलेला बाक) निघालाय, म्हणून ‘जिम्नॅस्टिक्स ताबडतोब सोडा’ असा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय. मला तो अजिबात पटत नाही. वाढत्या मुलांना ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) देतात तोही साधारण २५ ते ४० अंशांना, म्हणजे तिच्यापेक्षा जास्त बाक असेल तेव्हा, आणि सरावापुरता तो काढायलाही बरेच डॉक्टर हो म्हणतात. तूर्तास सांगितलेल्या तारखांना एक्स-रे चुकवू नका. उंची झपाट्याने वाढते तेव्हा बाकही वाढण्याची शक्यता जास्त असते. उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे, तरी २००९ मध्ये तो १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला!

काळजी वाटते ती वेगळीच. ब्रिज, वॉकओव्हर अशा कसरती करताना कंबर सारखी मागे वाकते. त्या ताणाने कमरेच्या खालच्या मणक्यात बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं, त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात, आणि जिम्नॅस्ट मुलांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त आढळतं. मागे वाकताना कमरेत कळ आली, तर ‘सरावाने अंग आंबलंय’ म्हणून सोडून देऊ नका. सराव थांबवा, मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तिच्याशी मोकळेपणाने बोला हो, संघातून काढतील या भीतीने मुली दुखणं लपवतात.