'कारभारी' लिहावं की 'विश्वस्त'?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या आमच्या मराठी मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघासाठी चार पानी पत्रक लिहितोय. विषय ख्रिस्ती माणसाचा रोजचा व्यवहार: पगार, वेळ, घर, ऑफिस. पाळकसाहेबांनी मथळा दिलाय 'ख्रिस्ती कारभारीपण'. पोरं हसली. एकाला नवरोबा आठवला, दुसऱ्याला भोंगळ कारभार. 'विश्वस्त' करू का? की सरळ 'व्यवस्थापन'?

मोडीवाचक: नवरोबा आठवला तर बिघडलं कुठं? पण शब्द पेशवाईतून बघा. 1774 मध्ये सवाई माधवराव तान्हे असताना गादीवर बसले आणि दौलत चालवली नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांनी. गादी त्यांची नव्हती, निर्णय मात्र त्यांच्या हातात. 'विश्वस्त' म्हटलं की मला ट्रस्टच्या मीटिंगला येऊन चहा पिऊन जाणारे गृहस्थ दिसतात.

वाशीकरीण: मराठी बायबलात 'कारभारी'च आहे. लूक 16 काढा. मालकाचा पैसा उधळल्याचा बोभाटा होतो, नोकरी जाणार हे कळतं, तेव्हा हा पठ्ठ्या मालकाच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो. तेल 100 माप देणं होतं? 50 लिही. गहू 100? 80 लिही. आणि गंमत म्हणजे मालक त्याच्या हुशारीची तारीफ करतो! (यावर संदेश देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.) मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', म्हणजे घराचा व्यवहार बघणारा, 'इकॉनॉमी' त्याच घराण्यातली. व्यवस्थापन स्वतःच्या मालमत्तेचंही होतं. कारभारी म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कोणाचा?

कोलशेतकर: आणि हा प्रश्न आमच्याकडे दशांशापाशी, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यापाशी, अडतो. पाकीट दानपेटीत पडलं की उरलेल्या नऊ भागांचे आपण मालक, असं सर्रास धरलं जातं. 40,000 पगार, 4,000 दिले, विषय संपला. कारभारी असाल तर 36,000चाही हिशोब आला. घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला गेला का? महापेला शेअर रिक्षाने जाऊन ऑफिसात पूर्ण भाड्याचं बिल लावलं का? पत्रकात हे असलं लिहा, पोरं वाचतील.

घोडबंदरकर: पटलं. पण सारखा हिशोब म्हटला की देव ऑडिटरसारखा वाटायला लागतो.

वाशीकरीण: म्हणून बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 4:10 सोबत घ्या. तिथे 'कृपेचे कारभारी' आहेत. प्रत्येकाला जे दान मिळालंय ते एकमेकांच्या सेवेत वापरा, असं. म्हणजे जपून ठेवणं एवढंच काम नाही. मत्तय 25 मधला चाकर बघा, धन्याचे पैसे जमिनीत पुरून जसेच्या तसे परत देतो. एक पै खाल्लेली नाही, तरी बोलणी त्यालाच बसतात. ज्याला गणित येतं त्याने शेजारच्या दहावीतल्या पोराला रविवारी तासभर बसवलं, तर तोही कारभारच.

मोडीवाचक: हा अर्थ 'विश्वस्त'मध्ये मावत नाही. 'कारभारी' ठेवा.

घोडबंदरकर: ठेवतो. मथळा 'दहाही भागांचे कारभारी' करतोय. 'कारभारीपण' आत मजकुरात येईलच, फक्त छापणाऱ्याला सांगावं लागेल की शब्द ओळीच्या शेवटी तोडू नको. प्रूफमध्ये 'ख्रिस्ती कारभारी' वर आणि 'पण' खाली आलं होतं.

कोलशेतकर: 😂 तसंच राहू दे की! काहींच्या बाबतीत तेच बरोबर आहे.