‘नो एरर’वर टिक करण्याआधी : अनुभव धागा

एसएससी (दहावीची नव्हे, स्टाफ सिलेक्शनची), बँक, एमपीएससी, लॉ सीईटी. परीक्षा कुठलीही असो, इंग्रजीच्या पेपरात ‘स्पॉट द एरर’ असतंच. वाक्याचे तीन-चार तुकडे पाडलेले आणि शेवटी ‘नो एरर’ हा पर्याय. ‘ही गो’, ‘दे वॉज’ असल्या चुका डोळ्याला लगेच खटकतात. पण दोन जाती अशा आहेत की वाक्य तीनदा वाचलं तरी छान वाटत राहतं : एक, भलत्या जागी बसलेला मॉडिफायर (म्हणजे दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीची माहिती देणारा शब्द किंवा शब्दसमूह) आणि दुसरी, काळाची गफलत.

माझा संशय असा की आपण ते वाक्य नकळत मराठीत ऐकतो आणि मराठीत ते बिनचूक असतं. पटत नसेल तर खोडून काढा. नियमांची यादी मात्र नको, ती प्रत्येक गाइडात आहे. नेमकं कुठलं वाक्य नडलं आणि मग कसं सुटलं, ते लिहा. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच टाका, मोबाइलवर सारखा कीबोर्ड बदलायला नको.

पुणे, नवी पेठ, एसएससीची तयारी

‘वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम.’

अभ्यासिकेतल्या आमच्या टेबलावर या वाक्यावरून चहाची सुट्टी संपेपर्यंत वाद चालला होता. निम्मे म्हणाले नो एरर. ‘रस्त्याने चालताना त्याला साप चावला’, यात वावगं काय? एकाचं म्हणणं, ‘बिट’च्या जागी ‘हॅड बिटन’ हवं. शेवटी सीनिअर पोराने फक्त विचारलं, ‘चालतंय कोण?’ इंग्रजीत स्वल्पविरामानंतर जे नाम येतं, ते चालणारं. म्हणजे इथे साप चालतोय. दुरुस्ती : ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम.’

तेव्हापासून वाक्याच्या सुरुवातीला ‘आयएनजी’ दिसलं की आधी पेन्सिल स्वल्पविरामापुढच्या नामावर. बाकीचं वाक्य नंतर. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात प्रश्नाला दोन गुण आणि चुकला तर अर्धा वजा, म्हणजे चार तुक्के चुकले की एका बरोबर उत्तरावर पाणी. कानावर भरवसा ठेवून परवडत नाही.

सातारा, निवृत्त शिक्षिका (विषय मराठी, इंग्रजी नव्हे!)

वरच्या साप प्रकरणात थोडी भर घालते. दोष सगळ्या मराठीचा नाही, ‘-ताना’चा आहे. ‘-ताना’वालं वाक्य फार सैल असतं, त्यातली क्रिया कुणाचीही असू शकते. ‘-ऊन’ तसं नाही. ‘खोलीत शिरताना दिवे बंद होते’ हे आपण सर्रास म्हणतो. ‘खोलीत शिरून दिवे बंद होते’ म्हणून पाहा, जीभच अडखळते. ‘दार उघडून कुत्रा आत आला’ म्हटलं तर दार कुत्र्यानेच उघडलं, दुसरा अर्थ निघत नाही. माझी भाची बँकेच्या परीक्षेला बसत होती, तिला मी हेच करायला लावलं. ‘एंटरिंग द रूम, द लाइट्स वेअर ऑफ’ आलं की मनात ‘-ऊन’ लावायचं. वाक्य फसलं तर चूक तिथेच.

आणि आपण मराठीवाले फार शहाणे आहोत असंही समजू नका. ‘शुद्ध गाईचे तूप’ अशा पाट्या गावोगाव आहेत. शुद्ध कोण, गाय की तूप?

नाशिक, लॉ सीईटी

बाई, ‘-ऊन’ची युक्ती झकास आहे, पण एका ठिकाणी हुकते. ‘बातमी ऐकून त्याला रडू आलं.’ मराठीत शंभर टक्के बरोबर, खटकत नाही. आणि ‘हिअरिंग द न्यूज, टिअर्स केम टू हिज आइज’ हे इंग्रजीत चूक, कारण बातमी ऐकली अश्रूंनी. मला वाटतं खरी गोम ‘ला’मध्ये आहे. त्याला आठवलं, तिला राग आला, मला झोप लागली. आपल्याकडे माणूस असा ‘ला’ लावून बसला तरी वाक्याचा मालक तोच राहतो. इंग्रजी तशी सवलत देत नाही, कर्त्याच्या खुर्चीत माणूसच बसलेला लागतो : ‘हिअरिंग द न्यूज, ही बर्स्ट इंटू टिअर्स.’ म्हणून मराठी अर्थात ‘ला’ आला की मी ‘-ऊन’वर विसंबत नाही, सरळ नाम तपासते.

सातारा, निवृत्त शिक्षिका

अगदी मान्य. ‘ला’चं माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाचीला कळवते.

नागपूर, बँक पीओ

मॉडिफायरचं सोडा बाप्पा, आमचं दिवाळं काळानेच काढलं होतं. पीओच्या (बँक अधिकारी भरतीच्या) प्रिलिम्सला माझ्या वेळी इंग्रजीचे 30 प्रश्न आणि वेळ 20 मिनिटं, त्यातच उतारा. वाक्य चवीने वाचत बसायला वेळच नाही. म्हणून मी वाचायची दिशाच उलटी केली. आधी वेळ दाखवणारा शब्द हुडकायचा : यस्टरडे, एगो, सिन्स, बाय द टाइम, ऑलरेडी. मग क्रियापद. कर्ता शेवटी.

‘आय हॅव मेट द मॅनेजर यस्टरडे.’ आपण ‘मी कालच भेटलो आहे त्यांना’ असं बेधडक बोलतो, म्हणून ‘हॅव मेट’ गोड लागतं. पण यस्टरडेसारखी ठरलेली, संपून गेलेली वेळ आली की इंग्रजीत ‘हॅव’ गेलं, साधं ‘मेट’ राहिलं.

‘सिन्स’चंही तसंच. ‘मी पाच वर्षांपासून इथं राहतो’ याचं ‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं आणि त्या एका वाक्यात दोन चुका बसतात. हवं ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’. पेपर काढणारे यात एकच चूक ठेवतात. ‘सिन्स’चं ‘फॉर’ आधीच करून देतात आणि क्रियापद तसंच सोडतात. ओळखीचा ‘सिन्स’ दिसला नाही की माणूस बेसावध, अन् टिक नो एररवर.

तिसरी माझी आवडती. ‘इफ इट विल रेन, वी विल कॅन्सल द मॅच.’ गोष्ट उद्याची आहे, मग ‘विल’ नको कशाला? पण आपण स्वतः काय म्हणतो? ‘पाऊस पडला तर.’ उद्याच्या पावसाला चक्क भूतकाळ लावतो आणि कुणाला काही वाटत नाही. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ लावते, ‘इफ इट रेन्स’. एवढं डोक्यात बसल्यावर ‘व्हेन ही विल कम’, ‘अन्टिल यू विल फिनिश’ हे सगळे भाऊबंद सापडायला लागले.

फोंडा, गोवा

थोडक्यात. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ हे मराठीत जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज इल’. हे पाठ झालं की पुढचा सापळा तयार असतो : ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.’ सगळे ‘मूव्ह्ड’ करायला धावतात. त्रिकालाबाधित सत्य आहे, वर्तमानकाळच ठेवा, नो एरर.

एडिसन, न्यू जर्सी, दोन मुलांची आई

धागाकर्त्याचा संशय मला अर्धाच पटतो. माझा मुलगा इथेच जन्मला, मराठी त्याला आजीपुरती येते. तरी एसएटीच्या (इकडच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या) सरावात तो मॉडिफायरवरच अडकायचा. म्हणजे सगळं खापर मराठीवर फोडू नका.

एसएटी आता डिजिटल आहे. रीडिंग अँड रायटिंगचे दोन मॉड्यूल, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. यात ‘चूक शोधा’ असं विचारत नाहीत, रिकामी जागा देतात. सुरुवात समजा अशी : ‘बॉर्न इन वॉर्सा इन 1867,’ आणि पुढे चार पर्याय. एकात ‘मेरी क्युरी’ज रिसर्च अर्न्ड टू नोबेल प्राइझेस’, दुसऱ्यात ‘टू नोबेल प्राइझेस वेअर अर्न्ड बाय मेरी क्युरी’, तिसऱ्यात ‘मेरी क्युरी अर्न्ड टू नोबेल प्राइझेस’. माहिती चारही पर्यायांत तीच असते, म्हणून मुलं जे भारदस्त वाटेल ते उचलतात. पहिला पर्याय सर्वांत लबाड. मेरी क्युरी हे शब्द अगदी योग्य जागी दिसतात, पण त्यांना ते ‘ज’ (अपॉस्ट्रॉफी एस) चिकटलेलं आहे. 1867 साली वॉर्सात जन्मलं कोण, रिसर्च? त्या एका ‘ज’वर इकडची इंग्रजी बोलतच वाढलेली मुलंही फसतात. मुलाला मी सांगितलं, प्रत्येक पर्यायाचे फक्त पहिले दोन-तीन शब्द वाच. बाकी वाचलंस की मोहात पडशील.

पुणे, एकेकाळी जीमॅट दिलेला

आमच्या वेळी जीमॅटच्या (एमबीए प्रवेशाच्या परीक्षेच्या) व्हर्बलमध्ये सेंटेन्स करेक्शनचं केवढं प्रस्थ होतं! नोव्हेंबर 2023 मध्ये फोकस एडिशन आली आणि तो प्रकारच काढून टाकला. वाचले आताचे. मला एवढाच उपयोग झाला की ऑफिसच्या मेलमध्ये ‘ओन्ली’ कुठे बसलाय ते आपोआप दिसतं.

कोल्हापूर, एमपीएससी कंबाइनची तयारी

भावांनो, उलटा रोगही असतो. ‘आयएनजी’ दिसलं की कापायचं, हे अंगात भिनलं की ‘कन्सिडरिंग हिज एज, द पनिशमेंट वॉज सिव्हिअर’ यातही चूक दिसायला लागते. इथे काही चूक नाही. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग बाय’ यांना कर्ता लागत नाही, रूढीने मोकळे सुटलेत. ‘बीइंग’ला मात्र सूट नाही. ‘बीइंग अ रेनी डे, द मॅच वॉज कॅन्सल्ड’ हे चूक, ‘इट बीइंग अ रेनी डे’ पाहिजे.

आणि एक तक्रार. एका सराव पेपरात ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर आय रीच्ड द स्टेशन’ यात चूक धरली होती, ‘हॅड लेफ्ट’ हवं म्हणून. ‘बिफोर’ने आधी काय, नंतर काय हे सांगून टाकलंय, मग साधा भूतकाळ इंग्रजीत चालतो. ‘हॅड’ लावलं तरी बरोबर, नाही लावलं तरी बरोबर. पण आपल्याकडे ‘डॉक्टर येण्याआधी पेशंट गेला होता’ हे वाक्य शाळेपासून इतकं घोटलंय, की पेपर काढणाऱ्यालाही ‘हॅड’शिवाय चैन पडत नाही. खऱ्या परीक्षेत आयोग पहिली उत्तरतालिका लावतो आणि हरकती मागवतो. तिथे ‘मला वाटतं’ चालत नाही, पुरावा जोडावा लागतो. म्हणून ज्या नियमाला दोन बाजू आहेत त्याचं पान मी आधीच खुणेने ठेवतो. आणि हॉलमध्ये बसल्यावर तत्त्वासाठी भांडत नाही : बाकीच्या तुकड्यांत ठळक चूक नसेल आणि ‘बिफोर’जवळ साधा भूतकाळ असेल, तर पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असणार ते ओळखून टिक करतो.

धागाकर्ता

कोल्हापूरकर, शेवटचं वाक्य वाचून सातारच्या बाई रागावणार बघा.

नंदुरबार जिल्हा, प्राथमिक शिक्षक

आमची मुलं स्पर्धा परीक्षेपासून लांब आहेत, पण वाक्यरचना शिकवताना मी त्यांना वाक्याचं चित्र काढायला सांगतो. आपल्याला काय कळलं ते काढायचं नाही, शब्द ज्या क्रमाने आलेत तसंच काढायचं. ‘शी सर्व्ह्ड लाडूज टू द चिल्ड्रन ऑन स्टील प्लेट्स.’ पोरांनी ताटात मांडी घालून बसलेली मुलं काढली, एकाने तर ताटाला कडासुद्धा काढल्या, मुलं घरंगळू नयेत म्हणून. मग ‘ऑन स्टील प्लेट्स’ची पट्टी कापून ‘लाडूज’शेजारी नेली आणि चित्र पुन्हा काढलं.

सहावीतल्या एका मुलीने मात्र विचारलं, ‘सर, माणसं ताटात बसत नाहीत हे सगळ्यांना माहीतच आहे. अर्थ कळतोय, तर चूक कशी?’ कुणी नीट उत्तर सुचवलं तर सोमवारी वर्गात सांगेन.

नाशिक, लॉ सीईटी

सर, तिला ‘द वॉचमन हिट द मॅन विथ द स्टिक’ याचं चित्र काढायला सांगा. दोन मुलं दोन वेगळी चित्रं काढतील, दोन्ही बरोबर. वॉचमनने काठीने मारलं, की काठी हातात असलेल्या माणसाला मारलं? ताटाचं वाक्य जगाच्या अनुभवावर निभावून जातं, इथे अनुभव कामाला येत नाही. असलं वाक्य साक्षीदाराच्या जबाबात आलं, तर काठी कुणाच्या हातात होती यावरच दोन्ही वकील दिवसभर भांडतील.