फुजीवरचा सूर्योदय: कोण कोण येतंय?

प्रेषक: य. (कावासाकी)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटच्या शनिवारी फुजीचा घाट घातलाय. आम्ही चौघं पक्के आहोत. बेत साधा आहे. दुपारी झोप काढायची, संध्याकाळी शिंजुकूहून बस, नऊच्या सुमारास योशिदा वाटेच्या पाचव्या स्टेशनवरून (इथे स्टेशन म्हणजे चढाच्या वाटेवरचा टप्पा) चालायला सुरुवात, रात्रभर रमतगमत वर आणि पहाटे शिखरावर सूर्योदय. वाटेवर मुक्कामाच्या हटचा (डोंगरावरच्या निवाऱ्याचा) खर्च नाही, रजा टाकायची भानगड नाही. सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक आपण सगळ्यांनीच केलेत, त्यामुळे अंधारात चालायचं अप्रूप कुणाला नसावं. कोण येतंय?

य.

प्रेषक: वि. (निशिकासाई)

अरे बाबा, तुझ्या उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण नऊ वाजता तुला गेटवरूनच परत पाठवतील. हटचं बुकिंग नसेल तर २०२५ पासून योशिदाचं गेट दुपारी २ ते पहाटे ३ बंद असतं. चढायची फी माणशी ४,००० येन, ती वेगळीच. शिझुओकाच्या बाजूच्या वाटांनाही हेच वेळापत्रक आणि हीच फी, तेव्हा 'मग सुबाशिरीने जाऊ' असं कुणी म्हणू नये.

नियम नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. कळसूबाई १,६४६ मीटर. तू बसमधून उतरणार ते पाचवं स्टेशनच २,३०० च्या आसपास आहे. तिथून ३,७७६ पर्यंत जायचंय, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. सह्याद्रीत दम लागतो तो चढाने, इथे चार पावलं चाललं तरी लागतो. झोप न झालेल्या शरीराला एका रात्रीत तिथवर ओढत नेलं की डोकं ठणकतं, मळमळतं, आणि मग ज्यासाठी आलो तो सूर्योदय डोळे मिटून काढायचा.

थंडीचं म्हणशील तर जुलै-ऑगस्टात शिखरावरचं सरासरी तापमान ५-६ अंश. चालताना कुणी गारठत नाही. गारठतात ते लवकर पोचलेले, घामाने ओल्या टी-शर्टवर वाऱ्यात तासभर उभे राहणारे.

माझं ऐकशील तर सूर्योदय शिखरावरूनच बघायचा हा हट्टच सोड. योशिदाची वाट डोंगराच्या ईशान्य अंगाने जाते, सातव्या-आठव्या स्टेशनच्या हटांसमोरून पूर्व सगळी मोकळी दिसते. मध्यरात्र उलटली की आठव्याच्या वर कपाळावरच्या दिव्यांची रांग लागते. चार पावलं चाला, थांबा. एरवी तासा-दीड तासाची वाट, पण शनिवारी दोन तासांतही संपेल याचा भरवसा नाही, आणि कित्येकांना पुढच्याची पाठपिशवी बघतच उजाडतं. त्यापेक्षा हटसमोर काहीतरी गरम हातात घेऊन बसा. खरी मजा सूर्य येण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. आधी क्षितिजावर विटकरी रेघ उमटते, मग खाली ढगांच्या कडा दिसायला लागतात, ढग नसलेच तर यामानाका तलाव शाई सांडल्यासारखा काळानिळा दिसतो. सूर्य वर आला की दहा मिनिटांत सगळे रंग उडतात. मग पाचनंतर, गर्दी ओसरल्यावर, उजेडात शिखर करा.

वि.

प्रेषक: मी. (योकोहामा)

काका, पटलं. आमच्याकडून तीन नावं धरा, त्यात आमचे चिरंजीव, वय वर्षं १२. हटमध्ये झोप लागते का? आणि बाथरूमचं काय? मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि मंडळाच्या कुठल्याच ट्रेकच्या ईमेलमध्ये त्याचं उत्तर नसतं.

मी.

प्रेषक: वि. (निशिकासाई)

ताई, उत्तर देतो. आंघोळ विसरा, अंगभर पुसायचे ओले रुमाल न्या. शौचालयाला प्रत्येक खेपेला २०० ते ३०० येन पडतात. १०० ची नाणी जॅकेटच्या बाहेरच्या खिशात मोकळी ठेवा, कारण हातमोजे घालून पाकिटाची चेन उघडत नाही आणि मागे रांग तिष्ठत असते.

झोपेची फार आशा धरू नका. हटमध्ये ओळीने अंथरुणं, शेजारी कोण येईल ते आपल्या हाती नाही, आणि रात्री एकपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खसखस सुरू होते. (डोंगरावर सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणाऱ्यांना वेगळी खोली द्यावी.) पण पाठ टेकते, ऊब मिळते, तेवढं पुरतं. पोचल्यापोचल्या मात्र आडवे होऊ नका. झोपेत श्वास उथळ होतो आणि डोकेदुखी तेव्हाच धरते. तास-दीड तास बसून गप्पा मारा, पाणी पीत राहा. दारू नको. पाचव्या स्टेशनवरही तासभर थांबूनच निघा.

चिरंजीवांना घ्या की, फक्त डोकं दुखतंय म्हणाला तर 'आलंच आता' म्हणून वर रेटू नका. उंची कमी करणं हाच खरा उपाय, डबाबंद ऑक्सिजनने दोन मिनिटं बरं वाटतं इतकंच.

वि.

प्रेषक: य. (कावासाकी)

काका, गेटचा मुद्दा मान्य, हट घेतो. पण सूर्योदय मला शिखरावरूनच बघायचाय. हटसमोर बसून चहाच प्यायचा तर माझी बाल्कनी काय वाईट आहे?

य.

प्रेषक: वि. (निशिकासाई)

मग दोन गट करा, भांडण नको. शिखरवाल्यांनी शक्य तितक्या वरची, ३,४०० मीटरजवळची हट घ्यावी आणि दीडला निघावं. जुलैअखेर वर साधारण ४:४० ला सूर्य दिसतो. उंचीमुळे तो खालच्यापेक्षा काही मिनिटं आधीच उगवतो, म्हणून खालच्या गावाची वेळ धरू नका. आणि वर गेलाच आहेस तर एक कर. सगळे पूर्वेकडे फोन रोखून उभे असतात तेव्हा विवराच्या पश्चिम कडेला जा. फुजीची सावली तिकडे ढगांवर लांबच लांब पसरलेली असते, टोकदार त्रिकोण. सूर्य चढेल तशी ती आखडत जाते. ती मला सूर्योदयाहून जास्त आवडते, आणि तिथे गर्दीही कमी असते.

वि.

प्रेषक: सु. (चिबा)

उतरताना आठव्या स्टेशनजवळ फाटा आहे. योशिदाच्या पाट्या पिवळ्या, सुबाशिरीच्या लाल. पेंगुळलेल्या डोळ्यांनी माणसं गर्दीमागून लाल पाटीने उतरतात आणि डोंगराच्या दुसऱ्याच अंगाला, दुसऱ्याच जिल्ह्यात निघतात. शेवटच्या माणसाला फाट्यावर थांबवूनच पुढे जा. गुडघ्यांचे पट्टे आणि बुटात खडे जाऊ नयेत म्हणून गेटर्स (घोट्यावरची आवरणं) चढताना नाही तरी उतरताना लागतातच.

सु.

प्रेषक: य. (कावासाकी)

मंडळी, अंतिम बेत: दुपारी एकच्या आत गेट पार करायचं. मी. ताईंचा गट सातव्या स्टेशनवर, आम्ही वर. शनिवारच्या हट भराभर भरतात, म्हणून नावं आणि पैसे रविवार रात्रीपर्यंत. माणशी दहा हजार येनच्या वर जाईल असं धरून चाला, नक्की आकडा बुकिंग झाल्यावर. रद्द करण्याचे नियम वाचूनच पैसे भरतो, वादळाचा अंदाज आला तर जायचं नाही. पक्क्या चौघांपैकी दोघं आता 'बघू' म्हणताहेत, तेव्हा वरच्या हटमध्ये दोन जागा आहेत. काका, तुम्ही येताय का?

य.