कुंभार्ली घाट, चार माणसे आणि साडेसहा लाख : मॅन्युअल गिअरची साधी छोटी गाडी कोणती घ्यावी?

कोयनाकाठ

नमस्कार. आम्ही कराडला राहतो आणि आमचे मूळ घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. महिन्यातून एक-दोन वेळा पाटण, कोयनानगर, हेळवाक या मार्गाने कुंभार्ली घाट उतरून गावी जाणे होते. गाडीत मी, माझे पती आणि सासू-सासरे अशी चार मोठी माणसे असतात. परतताना तांदळाची पोती, नारळ आणि हंगामात आंब्याच्या पेट्या असतात. सासऱ्यांनी हौसेने घेतलेल्या मारुती ८०० च्या नोंदणीची पंधरा वर्षे आता संपत आली आहेत. नोंदणीचे नूतनीकरण करून घेता येईल, परंतु तेवढा खर्च करूनही वयस्कर माणसांना घेऊन पावसाळ्यात घाटातून जाण्याचा भरवसा त्या गाडीबद्दल वाटत नाही.

मी आणि माझे पती, आम्ही दोघेही गाडी चालवतो. दोघांनाही क्लच आणि गिअरची सवय आहे आणि ती बदलण्याची इच्छा नाही. मोठा पडदा, छताची खिडकी, रंगीत दिवे यांपैकी काहीही नको. विमा आणि रस्ता कर धरून साडेसहा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एका शोरूममध्ये विक्रेत्याने आमचे म्हणणे पुरते ऐकून न घेताच ऑटोमॅटिक गाडीची चावी पुढे केली, म्हणून येथे विचारत आहे.

माझ्या मनात मारुतीच्या अल्टो के१० व वॅगन आर आणि टाटाची टियागो या तीन गाड्या आहेत. एक लिटरचे इंजिन चार माणसांना घेऊन घाट नीट चढेल का? सर्वांत खालचा, म्हणजे कमी सोयींचा, प्रकार घ्यावा की मधला? आणि याच पैशांत चार-पाच वर्षे वापरलेली, थोडी मोठी गाडी घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

घाटवाट

नमस्कार ताई. मी पोफळीचा आहे, त्यामुळे हा घाट रोजच्या पाहण्यातला आहे. आपला मॅन्युअल गिअरचा निर्णय या रस्त्यासाठी योग्यच आहे. आपल्या किमतीत जी ऑटोमॅटिक गाडी मिळते, तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. ती यंत्रणा पुढचे वळण पाहू शकत नाही. चढावर वळण घेताना तुम्ही क्षणभर पाय सैल केला की ती वरचा गिअर टाकते, आणि नेमक्या त्याच वेळी समोरून एसटी आली तर गाडी दमल्यासारखी होते. तिच्यातही हाताने गिअर ठरवण्याची सोय असते हे खरे. पण ते जर आपणच करायचे, तर त्यासाठी जास्तीचे पैसे का द्यावेत?

आता इंजिनाविषयी. अल्टो के१० आणि वॅगन आरच्या खालच्या प्रकारांत ९९८ सीसीचे तेच तीन सिलिंडरचे इंजिन आहे. त्याची ओढण्याची सर्वाधिक ताकद, म्हणजे टॉर्क, सुमारे ८९ न्यूटन मीटर असून ती ३,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आसपास मिळते. टियागोच्या ११९९ सीसी इंजिनाचा टॉर्क सुमारे ११३ आहे, मात्र ती गाडी वॅगन आरपेक्षा शंभराहून अधिक किलोंनी जड आहे, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो तेवढा चढावर जाणवत नाही. एक लिटरची गाडी चार माणसांना घेऊन हा घाट निश्चित चढते. अट एवढीच की इंजिनाचा वेग पडू द्यायचा नाही. चढ सुरू होण्यापूर्वीच दुसरा गिअर टाकावा, उभ्या वळणावर गाडी अडखळू लागण्याची वाट न पाहता पहिला टाकावा आणि फार दमछाक वाटली तर तेवढ्या टप्प्यापुरता एसी बंद करावा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून अनेक जण घाबरून तिसरा टाकतात. त्या आवाजाने इंजिनाला काहीही होत नाही; तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढवल्याने मात्र होते.

उतरण्याचे अधिक काळजीने सांगतो, कारण या घाटातून खाली येणाऱ्या गाड्यांच्या चाकांतून येणारा जळका वास आम्हांला ओळखीचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरावे. हेळवाक सोडल्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, इंजिनालाच तिचा वेग धरून ठेवू द्यावा आणि ब्रेक फक्त वळणापूर्वी थोडा वेळ दाबून सोडावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा वेडेपणा आहे, आणि इंजिन बंद करून उतरणे त्याहून वाईट, कारण इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

मागची सीट

घाटवाट यांनी इंजिनाविषयी लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे. परंतु या प्रश्नात चालवणाऱ्यांइतकेच मागे बसणारेही महत्त्वाचे आहेत, आणि गाडी निवडताना त्यांना बहुधा कोणी विचारत नाही. सासूबाई-सासऱ्यांना शोरूममध्ये बरोबर न्या. गाडीत शिरताना गुडघा किती वाकवावा लागतो आणि उतरताना कशाला धरून उठावे लागते, हे प्रत्यक्ष बसूनच कळते. वॅगन आर १,६७५ मिलिमीटर उंच आहे आणि तिची सीटही उंचावर आहे, त्यामुळे साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला तीत खुर्चीवर बसल्यासारखे बसता येते. टियागोत थोडे खाली उतरून बसावे लागते. डिकीचेही पाहा : अल्टोची २१४ लिटर, टियागोची २४२ आणि वॅगन आरची ३४१. तांदूळ आणि आंबे असतील तर अल्टोचा विचार इथेच सोडून द्यावा.

सुरक्षिततेची बाजू मात्र उलट आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. गाड्यांची टक्कर घडवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये प्रौढ प्रवाशांसाठी पाचपैकी चार तारे मिळाले होते. २०२३ मध्ये अधिक कडक नियमांखाली झालेल्या चाचणीत अल्टो के१० ला दोन आणि वॅगन आरला एक तारा मिळाला. त्या वेळी चाचणीतील गाड्यांत दोनच एअरबॅग होत्या. २०२५ पासून मारुतीच्या या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग मिळतात, ही सुधारणा मोलाची आहे. मात्र चाचणीचा जुना निकाल त्यामुळे आपोआप बदलत नाही. माझे स्वतःचे मत टियागोकडे झुकते. पण सासूबाईंना तीत बसता-उठताना त्रास होत असेल तर तो त्रास प्रत्येक फेरीला होणार आहे, हेही तितकेच खरे आहे. कोणतीही गाडी घेतली तरी मागच्या सीटवरचे पट्टे लावण्याची सवय दोघांनाही पहिल्या दिवसापासून लावा.

प्रकार निवडताना सर्वांत खालचा घेऊ नका, मधला घ्या. पडद्यासाठी मी हे म्हणत नाही. कोकणातल्या पावसात मागच्या काचेचा वायपर आणि काच गरम करून धुके घालवणाऱ्या तारा ही चैन नव्हे, आणि नेमक्या याच वस्तू खालच्या प्रकारांतून गाळलेल्या असतात. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत प्रत्येक प्रकारात काय आहे आणि काय नाही याचा तक्ता असतो. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा तो तक्ता वाचावा. ड्रायव्हरची सीट वर-खाली होते का, हेही त्यातच पाहा. घरात दोन वेगवेगळ्या उंचीची माणसे गाडी चालवणार असतील तर ही सोय असलेली बरी.

साधे बरे

माझे मत थोडे वेगळे आहे. महिन्याच्या दोन फेऱ्या सोडल्या तर गाडी कराडमध्येच फिरणार आहे. बाजारपेठेच्या गल्ल्यांत साडेतीन मीटर लांबीची अल्टो जिथे वळते, तिथे इतर गाड्यांना मागे-पुढे करावे लागते. ती वजनाने हलकी, खर्चाने कमी आहे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पोती छतावरच्या कॅरिअरवर बांधता येतात. उरलेल्या पैशांत पुढच्या काही वर्षांचे टायर, बॅटरी आणि सर्व्हिसिंग निघेल.

मागची सीट

शहरापुरते आपले म्हणणे मान्य. मात्र घाटात छतावर ओझे नको. वळणावर गाडीचा कल वाढतो, आणि पावसात पोती भिजतात ती वेगळीच.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सासूबाईंना घेऊन दोन्ही शोरूममध्ये जाऊन आलो. वॅगन आरमध्ये त्या कोणाचाही हात न धरता बसल्या आणि उतरल्या. टियागोत बसणे जमले, उठताना मात्र त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. टियागो चालवताना ती रस्त्याला अधिक धरून चालते असे आम्हां दोघांनाही वाटले, त्यामुळे अजून मन ठरत नाही. माझी उंची कमी असल्याने एका गाडीत क्लच पूर्ण दाबताना मला पुढे सरकावे लागत होते. याची पुढे सवय होते का? आणि जुन्या गाडीविषयी कोणी लिहिलेले नाही.

तिसरा गिअर

क्लचपासून सुरुवात करतो, कारण याची सवय होत नाही, पाठ दुखू लागते. रोजच्या चपला घालून बसा, पाठ सीटला पूर्ण टेकवा आणि क्लच तळापर्यंत दाबा. तळाला पोहोचल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि टाच हवेत तरंगता कामा नये. सीट पुढे घेऊन हे जमले, पण त्यामुळे छाती स्टिअरिंगला फार जवळ आली, तर ती गाडी आपल्यासाठी नाही. एअरबॅग उघडायलाही मध्ये वीतभराहून अधिक अंतर लागते. हे पाहिल्यावर चढावर गाडी उभी करून पाहा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडत गाडीचे नाक किंचित उचलले गेले की मग हँडब्रेक खाली करा. गाडी मागे न सरकता निघाली पाहिजे. हे दोन-तीन प्रयत्नांत सहज जमले तर त्या गाडीचा क्लच आपल्या पायाला मानवला असे समजावे. घाटात कोंडी झाल्यावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवण्याची अनेकांना सवय असते. क्लचप्लेट त्यानेच जळते. थांबलात की हँडब्रेक ओढा.

जुनी गाडी घ्यायची झाल्यास तिचे वय तारखांवरून ठरवावे. एप्रिल २०१९ पासून गाड्यांमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकून घसरू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे अधिक कडक नियम पाळणारी) इंजिने आली आणि पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सर्व गाड्यांना २०२१ च्या अखेरीस लागू झाली. म्हणून २०२२ किंवा त्यानंतरची गाडी पाहावी, त्याआधीची कितीही चकचकीत असली तरी नको. क्लचची परीक्षा जागेवरच करता येते : हँडब्रेक घट्ट ओढून, सपाट मोकळ्या जागी तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते तसेच घुमत राहिले तर प्लेट घसरते आहे आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. सर्व्हिसिंगचा इतिहास आणि चालू विम्याची प्रत पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

तरीही आपल्याला नवीच घ्या असे सांगेन. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून नव्या-जुन्या गाड्यांच्या किमतीतले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. घाटात वयस्कर माणसे असताना वॉरंटीतली गाडी असलेली बरी. सीएनजीच्या मोहात मात्र पडू नका, टाकी डिकीतली जागा खाते आणि चढावर ताकदही कमी मिळते.

दोन गाड्यांतली निवड माझ्यावर सोपवली, तर सासूबाईंच्या गुडघ्यांकडे पाहून मी वॅगन आरचा मधला प्रकार घेईन, घाटात वेग चाळिसाच्या आत ठेवीन आणि चौघांचेही पट्टे लावलेले असल्याशिवाय गाडी हलवणार नाही. कोटेशन लेखी घ्या. त्यात रस्ता कर, नोंदणी आणि विमा या रकमा वेगवेगळ्या मांडलेल्या असाव्यात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा) सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचा दर विचारून आलात की आतला दरही पुष्कळदा खाली येतो. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम लावलेली दिसली तर ती कशासाठी, हे विचारा आणि काढून टाकायला सांगा. सीट कव्हर, मॅट आणि तळाचे कोटिंग यांचे एकत्र पॅकेज घेऊ नका. चिपळूणच्या पावसासाठी तळाचे कोटिंग हवे असेल तर तेवढेच वेगळे करून घ्या.