व्हेनिस पायी फिरायचं तर: झाडीपट्टीकरांचा अनुभव धागा

दिवाळीनंतर इकडची काही मंडळी इटलीला निघाली आहेत. व्हेनिस ज्यांच्या पायाखालचं आहे त्यांनी लिहा जी. गोंडोलाचे फोटो नकोत, वाट सांगा.

साकोलीहून: आधी पत्ता. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नाहीत, विभागाप्रमाणे आहेत. विभाग ६, अन् एकेकात नंबर हजारोंनी. नुसतं ‘कास्तेल्लो’ (एका विभागाचं नाव) अन् आकडा असला तर घर सापडत नाही. गल्लीचं नाव अन् जवळचा पूल विचारून ठेवा. मोबाइलचा नकाशा उंच भिंतींमधे शेजारची गल्ली दाखवतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बऱ्या: ‘पेर रिआल्तो’ म्हणजे रिआल्तो पुलाकडे, ‘पेर सान मार्को’ म्हणजे मुख्य चौकाकडे. ‘फेरोव्हिया’ म्हणजे रेल्वे स्टेशन.

पवनीहून: ‘काल्ले’ गल्ली, ‘फोंदामेंता’ काठाची वाट, ‘रिओ’ छोटा कालवा. ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा, म्हणून ती वाट रुंद. काल्ले कधी सरळ पाण्यातच संपते. जुन्या वाड्यांचं मानाचं दार पाण्याकडे असते, आपण फिरतो ते परसदाराकडून. शेवटच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ दिसलं की पाय ठेवू नका.

अर्जुनी मोरगावहून: ग्रँड कॅनॉल म्हणजे शहराचा मुख्य कालवा, जवळपास ४ किमी, त्यावर पूल फक्त ४. समोरचं घर दिसते, पण पोचायला अर्धा तास. मधे ‘त्रागेत्तो’ म्हणजे पलीकडे नेणारी होडी लागते, दोन नावाडी वल्हवतात, २ युरो. संध्याकाळी तिच्या भरवशावर राहू नका. अन् चाकाची मोठी बॅग? शहरात चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या. उचलायचीच आहे तर पाठीवरची घ्या.

नवेगावबांधहून: चौकातल्या विहिरी पाहिल्याशिवाय येऊ नका. त्या झऱ्याच्या नाहीत, चारी बाजूंना खारं पाणी. चौकाखाली खड्डा खणून आतून चिकणमातीचा थर, म्हणजे आपल्या तलावाच्या पाळीत माती करते तेच काम. आत रेती, मधोमध विटांची विहीर. चौकाचा उतार भोकं पाडलेल्या दगडी झाकणांकडे. पावसाचं पाणी तिथून रेतीत गाळून विहिरीत येते. भरती चौकात चढली की विहीर खारट. म्हणून काही विहिरी पायऱ्यांच्या ओट्यावर दिसतात. १८८४ मध्ये नळाचं पाणी आलं अन् विहिरींचं काम संपलं. आता चौकातल्या तोटीचं पाणी फुकट अन् पिण्याजोगं, बाटली सोबत ठेवा.

लाखांदूरहून: हिवाळ्याच्या तोंडी जाणाऱ्यांनी भरतीचा अंदाज रोज पाहावा. ऑक्टोबर २०२० पासून भरती अडवायला समुद्राच्या तोंडाशी फाटकं उभी होतात, तरी ती साधारण ११० सेंमी भरतीच्या अंदाजावर. सान मार्कोचा चौक त्याच्या आधीच भिजतो, सगळ्यात सखल तोच. तेवढ्या वेळात कान्नारेज्जो विभागाकडे फिरा.

— गमबूट इथून न्यावे का?

लाखांदूरहून: नाही भाऊ, जड होतात. बुटांवर चढवायचे प्लास्टिकचे तिथं फुटपाथवर मिळतात. पण चौकात बसून शिदोरी सोडू नका, दंड होतो.